उन्हातली बाई

जुनी चित्रं साफ करणाऱ्या मामाने आज पहिल्यांदाच एक अख्खं चित्र भाचीवर सोपवलं होतं. संध्याकाळच्या उन्हात गावाकडे निघालेली बैलगाडी आणि तिच्यामागून चालणारी दमलेली माणसं. ती कापसाच्या बोळ्याने काजळी टिपत होती, आणि बघता बघता सगळ्यात मागची बाईच बोळ्यावर उतरली. रस्त्यावर तिच्या जागी नुसतं ऊन उरलं.

मामा कामात सख्ख्या आईचीही गय करत नसे. भाचीने घाईघाईने रंग कालवले, फोनमधला सकाळचा फोटो समोर ठेवला आणि बाईला गाठोड्यासकट पुन्हा उभं केलं. ब्रश खाली ठेवते न ठेवते, तोच मामा आत आला.

तो चित्रावर वाकला. त्याचं बोट ओल्या रंगाच्या अगदी जवळ येऊन थांबलं.

"हिला अजून हात नाही ना लावलास? बरं केलंस! चित्राचा एक्स-रे आलाय. ही बाई मागाहून कुणीतरी घुसडलीय, खालचं ऊन मूळ चित्रकाराचं आहे."


मामा हळहळला, "एवढं सोन्यासारखं ऊन झाकायला कुठल्या गाढवाचा हात धजावला असेल गं?"