कूर्चेतले अडतीस तास

"हो की नाही, तेवढंच सांग नोरीन," डेल फोनवर म्हणाला. "घोडा समोर उभा आहे आणि शेजारी मालकीण."

नोरीनने पडद्यावरचा आलेख पुन्हा पाहिला. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या लवचिक अस्तराला, रक्तवाहिन्या नसतात. औषधाचे रेणू तिच्यात वरून खाली मुंगीच्या पावलांनी झिरपतात. किती वेगाने, हे गणित मांडण्यात तिची चार वर्षं गेली होती. त्या घोड्याच्या, जुनिपरच्या, पुढच्या गुडघ्यात जंतू शिरले होते, कूर्चेच्या तळापर्यंत. पशुवैद्य डेलने काल दुपारी तिथे नवं औषध टोचलं होतं.

"तळाशी पोचायला अडतीस तास," ती म्हणाली. "आणि सांधा ते दहा तासांत धुऊन टाकतो."

"म्हणजे पोचतच नाही. रोज टोचलं तर?"

"महिनाभर टोचावं लागेल."

"महिनाभर तीन पायांवर? अगं, सगळा भार पडून बाकीच्या पायांचे खूर सुटतील त्याचे."

फोन कुणीतरी काढून घेतला. "पोरी, मी ओपल. ते तास-बिस मला कळत नाहीत. याचा त्रास संपेल की नाही?"

गणित कूर्चेच्या निर्जीव तुकड्यांवर बेतलेलं आहे, हे सांगायला हवं होतं. तिने नाही सांगितलं. आपल्या आकड्यावर तिचा फार जीव होता.

"नाही संपणार, ओपलबाई."

"मग बास. डेल, आटप बाबा. माझ्यासमोर कर."

जुनिपरचा कापलेला पाय दुपारीच प्रयोगशाळेत आला, बर्फाच्या खोक्यात. 'ताजी कूर्चा मिळत नाही म्हणून कुरकुरतेस ना, घे,' डेलने चिठ्ठीत लिहिलं होतं. 'ओपलने स्वतः दिलाय. रात्रभर गडी स्वस्थ नव्हता. सारखा या पायावरून त्या पायावर.'

नोरीनने कूर्चेचा पातळ काप घेऊन जांभळ्या दिव्याखाली धरला. हे औषध त्या प्रकाशात पिवळं चमकतं. तिच्या गणिताप्रमाणे वरवर एकच पिवळी रेघ दिसायला हवी होती.

काप तळापर्यंत पिवळा होता.

सुरीने रंग ओढला असेल म्हणून तिने पातं धुतलं आणि उलट्या बाजूने कापलं. मग दुसऱ्या जागेवरून. अकरा काप झाले आणि अकराही पिवळे निघाले. तिचे तुकडे चार वर्षं बशीत निपचित पडून असायचे. जुनिपर रात्रभर दुखऱ्या पायावर भार देत होता, काढत होता, आणि दर वेळी कूर्चा स्पंजासारखी दबून औषध आत ओढत होती. औषधाने एका रात्रीत तळ गाठला होता. तसलीच दोन-तीन इंजेक्शनं दिली असती तर घोडा बहुधा पुन्हा नीट चालला असता. आपण मारला त्याला, ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी ओपलचा फोन आला.

"आभार मानायचे होते गं. आत्ताच माती टाकून आले. डेलचं चाललं होतं, अजून दोन दिवस बघू या. मीच म्हटलं, त्या पोरीने मोजून सांगितलंय, आता कशाला छळायचं? नाहीतर मेली ही टोचणी जन्मभर राहिली असती बघ, की थांबलो असतो तर वाचला असता का."

नोरीनने जांभळा दिवा बंद केला.

"बरं, काही कामाचं मिळालं का त्या पायात?"

"हो," नोरीन म्हणाली. "मिळालं."

"चला," ओपल म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला रडू फुटलं. "फुकट नाही गेला बिचारा."