नामांची उजळणी

परदेशातल्या हॉस्पिटलची नोकरी पक्की व्हायला नर्सबाईंची तिथल्या भाषेची तोंडी परीक्षा तेवढी उरली होती. शिक्षक घरातच होता. त्यांचा नवरा तिकडच्याच एका हॉस्पिटलात आठ वर्षं काम करून आला होता.

"क्रियापदं तुला येतात," तो म्हणायचा. "तपासणी, भरती, डिस्चार्ज, ही नामं घोक. क्रियापदाचं नाम झालं, की बढती मिळालेल्या माणसासारखं ते ओळखच देत नाही."

रोज भांडी घासता घासता त्या उत्तरं द्यायच्या. तो न कंटाळता विचारत राहायचा.

"अहो, मी गेल्यावर तुमचं कसं होणार?"

"माझं होईल कसंही. तू अभ्यास कर."

परीक्षेत परीक्षक बाई पेशंटची मुलगी झाल्या. "बाबांचं आता पुढे काय?" त्यांनी विचारलं. डिस्चार्जसाठी पाठ केलेला शब्द वापरून नर्सबाई हसतमुखाने म्हणाल्या, की उद्या सकाळी आहे.

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, हा शब्द शवविच्छेदनाचा आहे."

आणखी चार शब्द तसेच निघाले, आणि नर्सबाई नापास झाल्या.

बसमध्ये त्या स्वतःची समजूत घालत राहिल्या. माणूसच आहे, इतक्या वर्षांनी विसरला असेल. निकाल त्यांनी अजून कुणालाच कळवला नव्हता.



घरी पोचल्या, तर सामान भरायला काढलेली मोठी बॅग त्याने माळ्यावर परत ठेवून दिली होती.