छापल्यानंतरचा प्रश्न

“बघ, पुन्हा विचारतंय,” दीनानाथ स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले. “बदल सेव्ह करायचे का म्हणे. अगं, मी नुसतं छापलं. मग बदललं कोणी?”

नीरजानं कपाळाला हात लावला. गेल्याच आठवड्यात तिनं बाबांना हे सगळं समजावलं होतं.

“बाबा, छा... छापल्याची वेळ फाइलीत नोंदली जाते. प्रिंटरप्रमाणे ओळी पु... पुन्हा बसतात. तेवढाच बदल.”

“मशीन उगाच विचारत नाही. उगाच विचारतात ती माणसं. वाच, मोठ्यानं. मी छापलेल्याशी ताडून बघतो.”

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात बाबांचा जन्म गेला होता. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ताडायचं, ही तिथली रीत. आता विश्रांतवाडीतल्या त्यांच्या सोसायटीची स्मरणिका हाती आली होती. रोज छपाई, रोज तोच प्रश्न, रोज तेच वाचन.

नीरजाला आतून भीती वाटायची. तिचा भाऊ सलिल हिंजवडीहून फोन करायचा तेव्हा म्हणायचा, “ताई, त्यांना डॉक्टरकडे ने. विसरायला लागलेत ते.”

डॉक्टरांचा तिला वीट आला होता. मेंदूत गुठळी झाली तेव्हापासून तिची जीभ अडखळत होती. कॉलेजात शिकवणारी बाई, आणि चार शब्द धड बोलता येईनात. मोठ्यानं वाचायला दिलेले धडे तिनं लगेचच माळ्यावर टाकले आणि राजीनामा द्यायचं मनाशी पक्कं केलं.

पण म्हाताऱ्या बापाचं मन कसं मोडायचं? ती वाचत राहिली. अध्यक्षांचं मनोगत तर तिला तोंडपाठ झालं. ती अडखळली की बाबा म्हणायचे, “थांब, माझी ओळ चुकली. पुन्हा वाच.”

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं.

“एक तास घेऊन तर बघते,” ती म्हणाली, एका दमात.

“जा. राजीनामा काय, केव्हाही देता येतो.”

जिन्यात तिला चष्मा आठवला. ती परत फिरली. दार उघडंच होतं, प्रिंटर घरघरत होता. आता बाबांना वाचून कोण दाखवणार, या विचारानं तिला भरून आलं.

स्क्रीनवर प्रश्न उमटला. दीनानाथांनी तिकडे न बघताच ‘नाही’ दाबलं आणि अध्यक्षांचं मनोगत चहाच्या कपाखाली सरकवलं.