साबणाचं वाण

किडन्या निकामी झाल्या तेव्हा कुंदाचं वजन एकशेदहा किलो होतं. "एवढ्या वजनावर दुसरी किडनी बसवता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. ते ऐकून थोरल्या जाऊबाईंनी कुंदाच्या सुजलेल्या मनगटांना साबण फासला आणि सासूने तिला दिलेल्या पाटल्या ओढून काढल्या. "मेल्यावर खटपट नको!"

वर्षभर डायलिसिसवर असलेली कुंदा दर रविवारी पोटात वजन उतरवायचं इंजेक्शन टोचून घेत राहिली, मळमळ गिळत राहिली. तीस किलो उतरले. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने साबणाच्या वड्यांचं वाण लुटलं. बायकांनी वड्या पिशवीत टाकल्या. जाऊबाईंच्या वडीचं वेष्टन मात्र कुंदाने तिथेच फाडलं. त्यांच्या मनगटांत त्याच पाटल्या रुतल्या होत्या.

"हात पुढे करा जाऊबाई. मेले नाही मी."