तास भरायला गेलेला माणूस

दक्षिण आफ्रिकेत, समुद्रकाठच्या छोट्या धावपट्टीवर मुकुंद विमानात पेट्रोल भरून घेत होता, तेवढ्यात साताऱ्याहून मुलीचा फोन आला.

"बाबा, आई गेली. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. तुम्ही संध्याकाळचं विमान पकडा, उद्यापर्यंत थांबतो. आत्या म्हणते, मळवट तुम्हीच भरायचा."

वैमानिकाची नोकरी हवी तर आधी उड्डाणाचे तास भरावे लागतात. बायकोनेच, सुलभाने, त्याला त्यासाठी धाडलं होतं. "आमचे हे तास भरायला गेलेत," ती सांगे. शेजारणी विचारत, "कुठल्या कॉलेजात?"

मोठा विमानतळ डोंगरापलीकडे होता. मोटारीने वेळेत पोचणं शक्य नव्हतं. मुकुंद विमानात चढून बसला. डोंगरावर ढग उतरले होते आणि त्याच्या परवान्यावर ढगात शिरायला मनाई होती. पेट्रोल भरणाऱ्या म्हातारीने त्याच्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि पंखावर हात ठेवून उभी राहिली.

"आज गेलास तर तुझ्या पोरीला मला फोन करावा लागेल, बाळा."

तो उतरला. ढगांकडे बघत बसला. ते हलले नाहीत. शेवटी त्याने घरी फोन लावला.

"थांबू नका, गौतमी. मळवट तूच भर."

"मला नाही जमणार, बाबा."

"जमेल. तिचं कपाळ मोठं आहे, कुंकू भरपूर घे."

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं. त्याने एकट्याने डोंगर ओलांडला. तेवढा तास त्याच्या नावावर चढला. बाकीचे अजून भरायचे राहिलेत.