सगळ्यांनाच मलम

"सर्दी नाही, पडसं नाही, आणि म्हणे नाकात मलम! उद्या म्हणाल कानात तूप घाला," मावशी स्टुलावर टेकता टेकता पुटपुटल्या. पुटपुटल्या त्या अशा, की समोर गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या इन्चार्ज सिस्टरच्या चष्म्यावर वाफ धरली.

"मान वर करा मावशी. सगळ्यांनाच लावायचंय. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. वरून ऑर्डर आहे."

वरून ऑर्डर वगैरे काही नव्हती. नवजात बाळांच्या खोलीबाहेर कपडे बदलायची ही चिंचोळी जागा. बाकावर दोन धाकट्या नर्स शहाण्या मुलींसारख्या बसलेल्या, चकाकत्या नाकपुड्या घेऊन. दोघींना कालच पढवून ठेवलं होतं.

चार नंबरच्या बाळाच्या अंगावर गेल्या आठवड्यात पुवाचे फोड आले आणि मग ते तापाने फणफणलं. दीड किलोचा जीव. त्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या नाकात कापसाची काडी फिरवून नमुने गेले, काल रिपोर्ट आला. फोडातला जंतू एकाच नाकात सापडला, मावशींच्या. तसा तो कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात बिनबोभाट मुक्काम ठोकून असतो, त्यांना शिंकही येत नाही. डॉक्टर म्हणाले, पाच दिवस मलम लावा, तोवर त्यांना आत घेऊ नका, मग पुन्हा तपासू. "आणि त्यांना काय सांगू?" सिस्टरने विचारलं होतं. त्यावर डॉक्टरांना एकदम कुणाचा तरी फोन आठवला.

सिस्टरने ट्यूब दाबून काडीवर वाटाण्याएवढं मलम घेतलं आणि मावशींच्या उजव्या नाकपुडीत आतून गोल फिरवलं.

"आता चिमटीत धरा नाक. मिनिटभर चोळा."

"नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात," बाकावरची एक नर्स म्हणाली. दुसरी फिसकन हसली. सिस्टरने डोळे वटारले तशा दोघी आपापल्या चपलांकडे बघू लागल्या.

"आणि पाच दिवस तुम्ही खाली धुण्याच्या खोलीत जा," सिस्टर म्हणाली. "तिथली बाई रजेवर गेलीय."

"ती? ती आत्ता जिन्यात भेटली मला. डबा घेऊन चालली होती."

सिस्टरने ट्यूबचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून काढून पुन्हा लावलं.

बावीस वर्षं मावशी या खोलीत आयाचं काम करत होत्या. किती नर्स आल्या, लग्नं होऊन गेल्या, यंत्रं बदलली. मावशींची एक खोड मात्र बदलली नाही. बाळ हातात आलं की आधी त्याच्या टाळूला नाक लावायचं. खोल श्वास घ्यायचा, आणि मग म्हणायचं, "हे रात्रीतून तापणार," नाही तर, "छान आहे हो, नुसतं भुकेलंय." थर्मामीटरच्या आधी निकाल. नवे डॉक्टर हसायचे. महिन्याभरात तेही हळूच विचारायला लागायचे.

पाच दिवसांनी त्या पुन्हा आत येतील, सिस्टरच्या मनात आलं. आणि पहिलं जे बाळ हाताशी लागेल, त्याच्या टाळूला नाक लावतील. मलम काय जन्मभर पुरतंय?

मावशींनी नाक सोडलं. बाकावरच्या एका नर्सजवळ गेल्या, तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"हे व्हॅसलिन आहे."

नर्सने सिस्टरकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतेस? खिडकीत ठेवलेली ती डबी रोज मीच भरते. बावीस वर्षं लेकरांच्या ढुंगणांना लावतेय, मला कळत नाही होय? तुम्हा दोघींना व्हॅसलिन, आणि मला नवी कोरी ट्यूब. माझे एवढे लाड कशापायी?"

बंद दारापलीकडे कुठल्याशा बाळाने बारीक सूर लावला. मावशींचा हात सवयीने कडीकडे गेला, आणि कडीला न लागताच थांबला. मग तो हात त्यांनी पदराखाली घेतला.

"चार नंबर कसाय?" दाराकडेच बघत त्यांनी विचारलं.

"ताप उतरला. सकाळी दूधही घेतलं. आता धोका नाही."

"बरं झालं." त्या परत स्टुलावर येऊन बसल्या, पण टेकल्यासारख्या, कुणी ऊठ म्हणालं तर उठता यावं अशा. "सिस्टर, म्हणजे त्याला जे झालं ते..."

बाकावरच्या दोघींनी माना खाली घातल्या. डॉक्टरांनी असंच टाळलं होतं. रिपोर्टनेही नाव न घेता नुसता नमुन्याचा आकडा लिहिला होता. सिस्टरला वाटलं, अजूनही सांगता येईल की असं काही नाही, मावशी, मनाला लावून घेऊ नका. या माउलीने तेही ऐकून घेतलं असतं आणि गप धुण्याच्या खोलीत गेली असती.

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मावशींचा पदराखालचा हात ओढून आपल्या हातात घेतला.

"हो मावशी. तुमच्याच नाकातून गेलं ते," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी 'जरा हुंगून बघा हो' म्हणत त्याला उचलून तुमच्या हातात मीच दिलं होतं."