गावकीतलं सत्ताविभाजन

सुजय सर पेणच्या कॉलेजात अमेरिकेची राज्यघटना शिकवत. कायदा करणारे, तो राबवणारे आणि न्याय देणारे वेगवेगळे हवेत, हे ते झोपेतसुद्धा सांगू शकत. खाडीकाठच्या त्यांच्या गावात मात्र ही तिन्ही कामं गावकीचे तेच पाच पंच बघत.

सरांच्या सख्ख्या काकूनं, इंदुबाईंनी, परजातीची सून आणली. त्यांना वाळीत टाकायचा विषय निघाला, तसे सर देवळातल्या बैठकीत ताडकन उभे राहिले.

"नियम तुमचा, आरोप तुमचा, निकालपण तुमचाच? अमेरिकेत असं चालत नाय!"

मग मुख्य पंच हैबतराव म्हणाले, "मास्तर, बोलताय ते खरं हाय. मंग कसं करायचं, तुमीच सांगा."

सर हुरळले. चहा थंड होईस्तोवर त्यांनी सगळं समजावलं. गावकीला ते इतकं पटलं, की तिथल्या तिथे तीन समित्या नेमल्या गेल्या. पहिलीनं नियम केला, दुसरीनं इंदुबाईंना दोषी ठरवलं, तिसरीनं अंमलबजावणी हातात घेतली.

"मास्तरांमुळं यंदा काम कसं रीतसर झालं!" हैबतरावांनी सरांच्या पाठीवर थाप मारली.

परतताना काकू ओटीवर वाट बघत उभी होती. "सुजय, काय ठरलं रे बाबा?"



सर मान खाली घालून पुढे गेले. तिच्याशी बोलणाऱ्यालाही तीच शिक्षा ठरली होती.